स्लालम: तिसऱ्या बोयाच्या पुढे गाडी सरकेना, काय करू?

लाटरेषा

मंडळी, नमस्कार.

वॉटर स्कीइंगवर इथे फारसे धागे नाहीत, पण दोन-चार जण खेळणारे आहेत हे माहीत आहे, म्हणून विचारतेय.

तीन मोसम झाले. पहिला दोन स्कींवरून एका स्कीवर येण्यात गेला. दुसरा मोकळ्या पाण्यावर नुसतं इकडून तिकडे जाण्यात. या मोसमात स्लालमच्या कोर्सवर आले आणि तिथेच अडकले. दोर १८.२५ मीटर, म्हणजे सगळ्यात लांब. वेग ताशी ४६ किमी. पहिला बोया (पाण्यावरचा तरंगता गोळा) मिळतो. दुसरा कसाबसा. तिसऱ्याला इतका उशीर होतो की वळून बघेपर्यंत चौथा मागे निघून गेलेला असतो. सर्वाधिक गुण ३, तेही एकदाच.

काठावरून प्रत्येक जण वेगळं ओरडतो. कुणी म्हणतं गुडघे वाकव, कुणी म्हणतं अजून झुक, कुणी म्हणतं जोरात खेच. मी सगळं एकदम करायला जाते आणि पडते.

स्की जुनी, मैत्रिणीकडून घेतलेली, ६६ इंची. ती बदलू का? वेग वाढवू की कमी करू? की दंडात जोर कमी पडतोय? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा. हा खेळ मला मनापासून आवडतो आणि नीट शिकायचाय.

वाचनमात्र

आधी आम्हा कोरड्या पायांच्या वाचकांना कोर्स म्हणजे काय ते कुणीतरी सांगा. बोये मोजायचे असतात की गोळा करायचे?

ओळंबा

@वाचनमात्र, वळसे घालायचे असतात. :)

बोट सरळ मधून जाते. सुरुवातीला दोन बोयांचं एक गेट, शेवटी तसंच दुसरं. एका गेटपासून दुसऱ्यापर्यंत २५९ मीटर. मध्ये सहा बोये, आलटून पालटून उजवीकडे-डावीकडे, मधल्या रेषेपासून प्रत्येकी ११.५ मीटर बाहेर. गेटपासून पहिला बोया २७ मीटरवर, पुढे प्रत्येक बोया ४१ मीटरवर. स्कीवाल्याने गेटमधून आत यायचं, सहाही बोयांना बाहेरून वळसा घालायचा, शेवटच्या गेटमधून बाहेर पडायचं. जमलं की वेग वाढवतात. कमाल वेगाला पोचलं की दोर आखूड करत जातात. पुरुषांना कमाल ५८, स्त्रियांना ५५.

आता लाटरेषा यांच्यासाठी हिशेब. ४६ वेगाला बोट ४१ मीटर साधारण ३.२ सेकंदांत कापते. तेवढ्यात तुम्हाला एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जाऊन वळायचं असतं. ४० वेगाला हाच वेळ ३.७ सेकंद होतो. दर बोयामागे अर्धा सेकंद जास्त. कागदावर तो किरकोळ वाटेल, पाण्यात त्या अर्ध्या सेकंदात माणूस श्वास घेऊन पुढचं बघू शकतो.

सुकाणू

मी बरीच वर्षं बोट चालवतोय, स्कीइंग त्यामानाने कमी. पण आरशात जे दिसतं ते स्कीवाल्याला स्वतःला दिसत नाही, म्हणून लिहितो.

तिसऱ्या बोयाला उशीर झाला असं तुम्हाला वाटतं. माझ्या अनुभवात तो उशीर गेटलाच झालेला असतो. तो साठत जातो आणि तिसऱ्याला अंगावर येतो. गेटच्या आधी जे बाहेर पुरेसे रुंद जात नाहीत, ते बोटीच्या मागे जवळजवळ सरळ येतात आणि गेट ओलांडल्यावर घाईने ओढतात. ती ओढ मला सुकाणूवर कळते. बोटीचा मागचा भाग हिसका बसल्यासारखा एका बाजूला जातो. ज्यांचं गेट चांगलं असतं त्यांची ओढ हळूहळू भरत येते, बोटीला जड वाटते पण हिसका नसतो.

वेग कमी करा. ४० वर या. चार दिवस लाज वाटेल, नंतर नाही वाटणार.

दोरखंड

>> वेग कमी करा. ४० वर या.

असहमत. कमी वेगाला स्की पाण्यात बसते, वळताना पीठ मळल्यासारखं वाटतं, शिवाय वेक, म्हणजे बोटीमागे दोन्ही बाजूंना उठणारी लाट, मोठी आणि टणक होते. मी ४० वर एक अख्खा मोसम घालवला आणि वेक ओलांडताना कमरेत वाकायची सवय लागली. ती मोडायला पुढचा मोसम गेला. माझं मत: वेग ४६ च ठेवा, दोर १६ मीटर करा. तिथे वेक जरा खाली असते, ओलांडणं सोपं जातं.

सुकाणू

@दोरखंड, वेकचा मुद्दा बरोबर आहे, पण तो बोटीवर अवलंबून आहे. स्लालमसाठी बांधलेल्या, इंजिन मध्यभागी असलेल्या बोटीची वेक ४० लाही बरीच सपाट असते. घरगुती फेरफटक्याच्या बोटीमागे तुम्ही म्हणता तसंच होतं. लाटरेषा, तुमची बोट कोणती?

लाटरेषा

क्लबची स्लालमचीच बोट आहे, वेग आपोआप सांभाळणारी यंत्रणा असलेली. वेकची भीती वाटत नाही, पण ओलांडताना मी किंचित उडते. व्हिडिओत स्कीच्या खाली उजेड दिसतो.

जुनापाणी

उडता आहात, म्हणजे वेकवर येताना पाय ताठ आहेत किंवा वजन मागच्या पायावर आहे. बहुधा दोन्ही. थोडं सविस्तर लिहितो, कारण या एका गोष्टीत माझी पाच वर्षं गेली.

"खेच" हा शब्द काठावरच्या सगळ्यांनी विसरावा. हातांनी खेचलं की हँडल छातीकडे येतं. हँडल वर आलं की खांदे बोटीकडे झुकतात, कंबर मागे पडते आणि माणूस खुर्चीत बसल्यासारखा होतो. त्या स्थितीत कितीही जोर लावा, तो स्कीच्या कडेपर्यंत पोचत नाही. सगळा दंडात आणि पाठीत जिरतो. संध्याकाळी दंड भरून येत असतील तर समजा की हेच होतंय.

हवं काय, तर घोट्यांवर कंबर, कमरेवर खांदे, सगळं एका रेषेत आणि ती अख्खी रेषा बोटीपासून लांब कललेली. हात सरळ, हँडल खाली, कमरेजवळ. गुडघे आणि घोटे मऊ. वजन दोन्ही पायांवर, पुढच्या पायावर जरा जास्तच.

हे पाण्यात शिकायला जाऊ नका. जमिनीवर शिका. दोर एखाद्या खांबाला कमरेच्या उंचीवर बांधा. हँडल धरून स्कीवर उभे राहता तसे पाय ठेवा आणि खांबाला तिरके उभे राहून मागे कला. हात सैल सोडा, अगदी लांब होऊ द्या. आता हँडल कमरेकडे आणू नका, कंबर हँडलकडे न्या. तळपायांवर अचानक वजन आलेलं जाणवेल आणि दंड रिकामे होतील. तो क्षण नीट ओळखून घ्या. मी रोज सकाळी दहा मिनिटं हेच करत असे. पाण्यात पहिल्यांदा तसं उभं राहता आलं तेव्हा स्कीचा आवाज बदलला. आधी फरफर पाणी उडायचं, आता कापड फाडल्यासारखा एक सलग आवाज.

आणि हा कल फक्त बोटीच्या मागच्या मध्यापर्यंत. दुसऱ्या वेकनंतरही झुकून ओढत राहिलात, तर बोयाकडे भलत्याच वेगाने आणि सरळ रेषेत पोचता, दोर ढिला पडतो आणि वळल्यावर तो ताणला जाताना हिसका बसतो. तुमचा तिसरा बोया तिथेच जात असावा.

नवखीमासोळी

सुंदर प्रतिसाद, जुनापाणी काका. जरा विषयांतर करते. मला एका स्कीवर पाण्यातून उठताच येत नाही. दहापैकी नऊ वेळा हँडल सुटतं किंवा नाकात पाणी जातं. काही युक्ती?

ओळंबा

@नवखीमासोळी, गुडघे छातीशी घ्या, हात सरळ, स्कीचं टोक पाण्याबाहेर आणि दोर टोकाच्या एका बाजूला. बोट निघाली की उभं राहायचा प्रयत्नच करू नका. पुढची टाच पार्श्वभागाला चिकटलेली असू द्या आणि बोटीला काम करू द्या. घाईने पाय सरळ केले की पाण्याची भिंत अंगावर येते. मागचा पाय बुटात न घालता पाण्यात सोडून ठेवलात तर सुकाणूसारखा तोल धरतो. वर आल्यावर सावकाश आत घाला.

उलटापाय

आणि पुढे कुठला पाय ठेवता तेही तपासा. मी दोन वर्षं डावा पाय पुढे ठेवून झगडलो, कारण शिकवणाऱ्याचा डावा पुढे होता. एक दिवस दोन स्कींवर असताना सहज एकेक पाय उचलून बघितला. उजव्या पायावर मी मजेत उभा राहत होतो, डाव्यावर थरथरत होतो. पाय बदलला आणि आठवड्याभरात मोकळ्या पाण्यावर न पडता वळायला लागलो. म्हणून हे माझं नाव. :)

कुरकुरेसांधे

व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट, आठवड्यातून दोनदा पाण्यावर. लाटरेषा, एका दिवसात किती फेऱ्या मारता ते लिहिलं नाहीत. हौशी लोकांच्या दुखापती मला दिसतात त्या बहुतेक शेवटच्या "अजून एकच" फेरीतल्या. मांडीच्या मागचा स्नायू, खांदा, घोटा, बरगड्या. हात दमले की हँडल वर येतं, कंबर मागे जाते आणि जुनापाणींनी सांगितलेली खुर्ची तयार होते. त्यापुढच्या सगळ्या फेऱ्यांत तुम्ही चुकीचीच सवय पक्की करत असता. एका वेळी सहा फेऱ्या, फार तर आठ. मग बाहेर.

तोल गेला की हँडल सोडा. लटकून राहण्यात शौर्य नाही. दोर हाताला कधीही गुंडाळू नका. पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर जोडून ठीक असल्याची खूण करा. बोटीत ड्रायव्हरशिवाय मागे बघणारा माणूस हवाच. आणि निओप्रीनची चड्डी घाला. वेगात बसल्यासारखं पडलं तर पाणी जोराने शरीरात शिरून आतड्याला इजा होऊ शकते. याबद्दल लाजून कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

वाचनमात्र

मी इथे विरंगुळ्याला आलो होतो, आता खुर्चीत ताठ बसून वाचतोय. कंबर हँडलकडे नेली आहे.

निळीधार

स्की बदलण्याबद्दल. आत्ता नको. म्हणजे ६६ इंची तुमच्या वजनाला आणि वेगाला जुळते का ते जाणकाराकडून बघून घ्या. कमी वेगाला थोडी रुंद स्की वर तरंगते आणि माफ करते, हे खरं. दोरखंड यांना "पीठ मळल्यासारखं" वाटलं त्याचं एक कारण अरुंद स्की असू शकेल. पण तिसऱ्या बोयावर अडकण्याचं कारण स्की क्वचितच असते.

फिनच्या नादाला तर मुळीच लागू नका. मागच्या पात्याची लांबी, खोली आणि शेपटीपासूनचं अंतर लोक इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. मीही कॅलिपर घेऊन बसायचे. सोमवारी पुढे, गुरुवारी मागे. एक दिवस स्की चांगली चालली की वाटायचं सापडलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मीच रोज वेगळी उभी राहत होते, तर फिनचा परिणाम कळणार कसा? शेवटी कारखान्याच्या मापावर आणून ठेवलं आणि वर्षभर हात लावला नाही. त्या वर्षी सगळ्यात जास्त सुधारले.

दोरखंड

माझी स्की अरुंद होती, हे कबूल. तरी आखूड दोराचा मुद्दा सोडत नाही.

ओळंबा

आखूड दोरावरून आठवलं, अवांतर आहे. पुढे दोर ११.२५ मीटर होतो आणि बोया ११.५ वर. म्हणजे दोर बोटीला काटकोनात आला तरी हँडल बोयापर्यंत पोचत नाही. उरलेलं अंतर माणसाने हात आणि अंग लांबवून भरायचं, आणि स्की बोयाच्याही बाहेरून जायला हवी. २०१३ मध्ये अमेरिकेच्या नेट स्मिथने ९.७५ मीटरवर अडीच बोये काढले. पावणेदोन मीटर दोर कमी! तो व्हिडिओ संथ गतीत बघितला तेव्हा माझा विश्वास बसेना. अंग पाण्याला जवळजवळ समांतर आणि डोकं मात्र स्थिर, डोळे पुढे.

वाचनमात्र

अर्धा बोया कसा काढतात?

ओळंबा

बोयाला वळसा घातला पण मध्यापर्यंत परत येता आलं नाही, तर पाव किंवा अर्धा गुण मिळतो. कुठपर्यंत आलात त्यावर.

जुनापाणी

अवांतर चाललंच आहे तर एक. १९२२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत मिनेसोटातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने फळ्या वाकवून पहिल्यांदा हा खेळ जमवला. आधी तो फळ्या पाण्याला सपाट ठेवत होता आणि सारखा बुडत होता. टोकं वर ठेवून मागे कललं की जमतं, हे लक्षात आलं तेव्हा उभा राहिला. नवखीमासोळी, तुम्हाला वर सांगितलेलं टोकाचं सूत्र शंभर वर्षं जुनं आहे.

सुकाणू

पुन्हा गेटकडे येऊ या, कारण मूळ प्रश्न राहून जाईल.

मी आमच्या नवख्यांना एक दिवस बोयेच विसरायला सांगतो. फक्त गेट. वेळेत बाहेर खेचून जायचं, बोटीच्या बाजूला रुंद जाऊन उंच उभं राहायचं, तिथे क्षणभर घरंगळत थांबायचं, मग शांतपणे वळून गेटमधून यायचं आणि दोन्ही वेक ओलांडायच्या. पहिल्या बोयाला वळसा घातला नाही तरी चालेल. दहापैकी आठ वेळा एकसारखं आलं की मग बोये. जवळपास कुठे छोटा कोर्स असेल, ज्यात बोये मध्याच्या जास्त जवळ असतात, तर त्यावरही जा. सहाच्या सहा वळणांची लय तिथे मिळते. तीन बोयांवर पडत राहणाऱ्याला ती लय कधी अनुभवायलाच मिळत नाही.

निळीधार

+१. आणि नजर. समोरच्या बोयाकडे बघितलं की स्की त्याच्यावरच जाते. बोया डोळ्याच्या कोपऱ्यात ठेवायचा आणि नजर कोर्सच्या पुढे.

दोरखंड

यावर मात्र पूर्ण सहमत.

लाटरेषा

सगळ्यांचे आभार. एकेक प्रतिसाद वहीत उतरवलाय. खांबाचा व्यायाम आजपासून सुरू. वेग ४० करते. दोरखंड, तुमचाही सल्ला एक दिवस करून बघेन. आल्यावर लिहीन.

लाटरेषा

तीन आठवड्यांनी परत आलेय.

पहिला आठवडा फक्त खांब आणि गेट. खांबाजवळ चौथ्या दिवशी जुनापाणी म्हणतात तो क्षण आला. तळपाय एकदम जड झाले, दंड रिकामे. मी हसायलाच लागले. पाण्यात मात्र तो यायला आणखी सहा दिवस लागले.

दुसऱ्या आठवड्यात ३७ वेगाला पहिल्यांदा सहाही बोये झाले. शेवटच्या गेटमधून बाहेर पडले तेव्हा काय करायचं तेच कळेना, कारण तिथपर्यंत कधी आलेच नव्हते! हँडल धरून तशीच बोटीमागे जात राहिले. ड्रायव्हर दादांनी भोंगा वाजवला.

आता ४० वर ४, ४, ५, ३, ५ असे गुण आहेत. १६ मीटरचा दोरही करून बघितला. वेक खरंच मऊ लागते, दोरखंड बरोबर आहेत. पण वळायला वेळ कमी वाटला, म्हणून सध्या लांब दोरच. फेऱ्या सहाच, कुरकुरेसांधे. दंड दुखायचे थांबलेत.

आता नवीन अडचण. पुढचा पाय उजवा. एका बाजूचं वळण गुळगुळीत होतं, दुसऱ्या बाजूला दर वेळी स्की अडखळते आणि मी बोयाच्या मागे दोन-तीन मीटर वाहत जाते. पाच बोये झाले की तिथेच पडते.

उलटापाय

ती सगळ्यांचीच नावडती बाजू. अभिनंदन, आधी तेवढे बोये होत नव्हते म्हणून ती दिसत नव्हती!

जुनापाणी

वा! फार आनंद झाला. नावडत्या बाजूला बहुतेक जण हँडल लवकर सोडतात. वेक ओलांडताच बाहेरचा हात सुटतो, खांदा बोटीकडे फिरतो आणि दोराचा ताण जातो. दुसरी वेक पूर्ण मागे पडेपर्यंत दोन्ही हात हँडलवर ठेवा. मग बाहेरचा हात सोडा, आतला हात सावकाश बोटीकडे लांब जाऊ द्या. स्की आपोआप बाहेर फिरेल. वळल्यावर हँडलवर झडप घालू नका. स्की वळून खाली आली की कंबर हँडलकडे जाते, तेव्हा दुसरा हात सहज सापडतो.

मोकळ्या पाण्यावर याच्या दोन फेऱ्या करा. त्यात हात अजिबात सोडायचा नाही, दोन्ही हातांनीच वळायचं. वळणं बारीक होतील, होऊ द्या.

सुकाणू

आणि व्हिडिओ बोटीतून घ्या, काठावरून नको. मागे बघणाऱ्याच्या हातात फोन द्या, पण फोन धरणारा आणि लक्ष ठेवणारा एकच नको. तिसरा माणूस बसवा. चौथ्या बोयाचं वळण इथे टाका, आम्ही बघतो.

लाटरेषा

टाकते. उद्या पहाटे वारा नसला तर दोन फेऱ्या दोन्ही हातांनी, मग ४० वर चार. फोन बहिणीच्या हातात.

नवखीमासोळी

मी उठले! आज सकाळी, तिसऱ्या प्रयत्नात, एका स्कीवर. मागचा पाय पाण्यात सोडला होता. बूट सापडेना म्हणून अख्खा तलाव तशीच गेले.